शेंदराचा दोरा

मेहरूणच्या वाटेवरच्या कल्हईवाल्याच्या बायकोनं माझं पोर वाचवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी तिच्याविषयी मनात काय काय आणलं ते सांगणार आहे.

मी पिंपळनेरची. तिसरीतून शाळा सुटली आणि लग्न होऊन जळगावला आले. माझं बोलणं ऐकलं की गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. माझ्यासारखं 'आहे'ला 'शे' म्हणणारी तिथं ही कल्हईवाल्याची बायको एकटीच, मूळची धुळ्याची. सगळे तिला भाभी म्हणत. तिच्याशी माझं गूळपीठ जमायला हवं होतं. पण तिचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच महिन्यातले, आणि तिथंच सगळं नासलं.

तिचा वर्षाचा होतो न होतो तोच चालायला लागला. माझा नुसता धरून उभा राही. विहीर एकच, धूळ एकच. तिचं पोर उंबऱ्यावर भाकरी चोखत बसलं की मी दार लोटून घेई. तिच्या दाराशी बकरी होती, तिचासुद्धा मला हेवा वाटे. हळूहळू मनानं घेतलं की हिचीच नजर लागली. शनिवारी मारुतीला जाऊन गुरवआबांकडून शेंदूर मागून आणला, तेलात कालवला, त्यात दोरा भिजवून पोराच्या मनगटात बांधला. त्याला दात येत होते, मनगट सारखं तोंडात. दोरा फिका पडला की मी पुन्हा भिजवी. लाल लाळ पुसताना वाटे, देव पोटात चाललाय, चांगलंच आहे.

पोर उभं राहायचं ते बसलं. पोट आवळून रडे, दूध बाजूला सारी, चेहरा पांढराफटक. मी दोरा आणखी घट्ट रंगवला.

एका दुपारी भाभी न विचारता आत आली आणि तिनं त्याचा ओठ वर करून पाहिला.

"माय, हिरड्यास्वर निळी रेघ शे. मना सासराले अशीच व्हती. चाल दवाखानामा."

तिच्या सासऱ्याचा जन्म भट्टीवर गेला होता. पोटाच्या कळांनीच तो संपला, हे मला नंतर कळलं.

नगरपालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रेघ पाहिली आणि म्हणाले, पोटात शिसं जातंय. मग विचारलं, भांड्यांना कल्हई कोण करतं? काही कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात. मी भाभीकडं बोट केलं. म्हटलं, हिचाच नवरा. तिचा चेहरा उतरला, आणि खरं सांगते, पोर मांडीवर कण्हत होतं तरी मला बरं वाटलं. आता हिचंही काही बिघडेल. मनगट मी पदराखाली झाकून धरलं होतं. दोऱ्याला डॉक्टर हसतील याची भीती.

तिच्या नवऱ्याला बोलावणं गेलं. आमचं पातेलं घेऊनच तो आला. रागावला नाही. कल्हईवर बोट घासून त्यानं डॉक्टरांपुढं धरलं. शिसं असतं तर बोट काळं झालं असतं; ते झालं नव्हतं. कथील चोख होतं. तेवढ्यात पोरानं हात पदरातून ओढला आणि तोंडात घातला. भाभीनं तो हात धरला.

"साहेब, शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसंच ना? सासरे भट्टीवर तेच भाजायचे."

डॉक्टरांनी कात्री मागवून स्वतः दोरा कापला. मी खाली मान घालून बसले. नजर लावणारी मी कुठं शोधत होते, आणि विष कोण भिजवत होतं.

अशी दोरेवाली पोरं गावात किती असतील म्हणून डॉक्टर गुरवआबांकडं गेले. देवात विष काढता काय, म्हणून आबांनी त्यांना परत लावलं. दुसऱ्या दिवशी कल्हईवाला शेगडी घेऊन देवळाच्या पायरीखाली बसला. लोखंडी पळीत चिमूटभर शेंदूर आणि कोळशाची पूड घालून भाता मारत राहिला. लाल रंग गेला आणि तळाशी शिशाचा चकचकीत थेंब उरला. आबा पायरी उतरून आले आणि पळीत डोकावले.

"देवाचा शेंदूर देवाला," ते म्हणाले. "पोरांना अंगारा."

तेव्हापासून दर शनिवारी दवाखान्यातली नर्सबाई देवळापाशी बसू लागली. आबा अंगारा लावत आणि पोराला तिच्याकडं धाडत, ती हिरड्या बघे. आबांनी सांगितलं म्हणून बाया ऐकत. डॉक्टरांचं एकट्याचं कुणी ऐकलं नसतं, मीही नाही.

भाभी रोज सकाळी वाटीभर दूध आणून देई. दिवाळीच्या सुमारास माझं पोर चाललं. पहिली चार पावलं टाकली ती तिच्याकडं, माझ्याकडं नाही. तेव्हाही मला ते बघवलं नाही. उपकार झाले म्हणून हेवा जातो असं नाही.

आता तिची थोरली लेक पिंपळनेरला दिली आहे, माझ्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर. एवढ्या लांब दिलेल्या पोरीला अडीनडीला काय लागतं, ते मला ठाऊक आहे. तिला दिवस गेले आणि आईला जाणं झालं नाही, तर मी जाऊन राहीन, तिचं सगळं करीन. भाभीला हे अजून बोलले नाही. पण करीन.