दारावरचा आकडा आणि बोटावरची शाई

परवा मतदान करून आले. म्हणजे नेलं मला, व्हीलचेअरवरून... इथल्या, बुलढाण्याच्या शाळेचा चढ आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. (हे सगळं मी बोलतेय आणि मोबाइल लिहितोय, तेव्हा चुका त्याच्या.)

शाई लावणारी मुलगी म्हणाली, "आजी, हात थरथरतोय... घाबरलात का?" मी नुसती हसले. चौऱ्याण्णवाव्या वर्षी हात थरथरणारच. पण खरं सांगू का, मतदान म्हटलं की मला अजूनही आधी भीतीच आठवते.

तेव्हा आम्ही धाड नावाच्या गावात राहायचो. सी.पी. अँड बेरारचे, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडाचे दिवस, सरकार नागपूरला. माझं माहेर पिंपळगाव राजा, नुकतीच लग्न होऊन आले होते. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करायला पटवारी घरोघर फिरत होता आणि प्रत्येक दारावर गेरूनं घराचा आकडा टाकत होता. आमचा बत्तीस.

पटवाऱ्याची पाठ फिरली आणि सासूबाईंनी ओलं फडकं घेऊन तो आकडा पुसून टाकला. स्वतःचं नावही त्यांनी पटवाऱ्याला सांगितलं नव्हतं. तो विचारत राहिला, त्या चुलीपुढून उठल्याच नाहीत.

मला वाटलं, काय हा विक्षिप्तपणा... मग यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचं आधीचं घर सरहद्दीपलीकडे, निजामाच्या मुलखात होतं. तिकडच्या धामधुमीत एका सकाळी दारावर चुन्याची फुली दिसली. कोणी काढली, कधीच कळलं नाही. त्यानंतर लवकरच घर जळालं, त्यात सासरे गेले... आणि सासूबाई मुलाला घेऊन बैलगाडीनं धाडला आल्या.

हे ऐकल्यापासून माझीही झोप उडाली. वाऱ्यानं कडी वाजली तरी उठून बसायचे. सकाळी दार उघडलं की आधी बाहेरच्या बाजूला काही नाही ना, ते मी बघायचे. भीती अशी घरभर होते बघा...

पटवारी पुन्हा येऊन आकडा टाकून गेला. सासूबाईंनी पुन्हा पुसला.

यथावकाश मतदान आलं. तोवर माझ्या कडेवर वर्षाचा मुलगा होता. बुलढाणा-अकोला मिळून एकच मतदारसंघ, त्यामुळे उमेदवार कोण, कुठले, निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. पण बोटाला न जाणारी शाई लावतात, ही बातमी मात्र सगळीकडे पोचली होती. आमच्या घरातही.

सासूबाईंनी दारातच माझा हात धरला. "खून घेऊन ह्या घरात येऊ नोको बाई. माह्या नातवाले काई झालं मंग?" खून म्हणजे खूण... दारावरच्या त्या फुलीसारखी. पण हे अडून बसले... यादीत नाव आहे, जायचंच. बाळ सासूबाईंकडे ठेवलं आणि मी निघाले.

शाळेच्या दारात बंदूकवाला पोलीस. आत टेबलाशी साहेबानं माझं बोट धरून शाई लावली, तेव्हा चटका बसल्यासारखा हात मागे ओढला मी. गोणपाटाच्या पडद्यामागे चिन्हं चिकटवलेल्या पेट्या मांडलेल्या होत्या, दर उमेदवाराची वेगळी. कागद पेटीत टाकला की नाही, हेही मला नीट आठवत नाही... टाकला असावा.

हात पदरात लपवून बाहेर आले, तर फाटकाशी सासूबाई उभ्या. कडेवर बाळ. मला परत न्यायला आल्या होत्या, पण उशीर झाला होता.

त्यांनी माझा हात पदरातून ओढून काढला. बोट बघितलं. मग मातीत बोटं घालून माझं बोट घासायला लागल्या, घासतच राहिल्या... माझी कातडी सोलून निघत होती आणि रडत त्या होत्या.

तेवढ्यात माझ्यामागून बायका बाहेर पडायला लागल्या. पाटलीणबाई. तेल्याची सून. शेजारची चांदबी. मांगवाड्यातली साळूबाई. जी ती आपापलं बोट उन्हात धरून बघत होती, एकमेकींना दाखवत होती.

सासूबाईंचा हात थांबला. एकेकीच्या बोटाकडे बघत राहिल्या.

"सगळ्याइलेच लावून राह्यले का व?"

"हाव, आत्याबाई," मी म्हटलं.

"पाटलिनीलेबी?"

"तिलेबी."

बाळ माझ्याकडे न देताच त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे. टेबलाशी साहेबानं नाव विचारलं आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "यमुना." दोन-अडीच वर्षं त्या घरात राहून सासूबाईंचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

साहेबानं यादी चाळली. नाव नव्हतं. कसं असेल... त्यांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

"बाई, आता पुढच्या वेळी," तो म्हणाला. बोलला चांगल्या शब्दांत, पण सासूबाईंनी पुढे केलेलं बोट तसंच राहिलं होतं. मीच ते हातात घेतलं आणि त्यांना बाहेर आणलं.

घरी आलो. ओट्यावर टेकल्या, मग उठून त्यांनी वाटीत गेरू कालवला आणि वाटी माझ्या हातात दिली. "टाक तो आकडा. चांगला मोठा. दुरून दिसला पाह्यजे."

पुढच्या निवडणुकीला धाडच्या बायकांच्या रांगेत पहिला नंबर त्यांचाच होता.

परवा त्या मुलीनं माझ्या बोटावर शाईची बारीकशी रेघ ओढली. मी हात मागे घेतला नाही. म्हटलं, "जरा ठळक ओढ बाळा... दुरून दिसली पाहिजे."