गच्चीवरची व्यायामशाळा

हॉटेलात चहा अगोड आला तरी महिपती मखरे तो तसाच पिऊन उठायचे. साखर मागायची नाही. पाटबंधारे खात्यात तीस-पस्तीस वर्षं नकाशे काढले, पण बदलीसाठी कधी कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. लोक त्यांना भिडस्त म्हणत, आणि तिथंच चुकत. छप्पन साली गावी, वरकुट्यात, त्यांच्या वडिलांनी, आबाजींनी, धम्म घेतला. गावकीची कामं आणि त्यापोटी दारोदार भाकरी मागणं एका दिवसात सोडलं आणि अठरा वर्षांच्या लेकाला सांगितलं, "आजपासनं कुनाम्होरं हात पसरायचा न्हाय." लेकानं ते असं घट्ट धरलं की पुढं सोडताच येईना.

निवृत्तीनंतर बारामतीत, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत, त्यांनी तळमजल्याचा फ्लॅट घेतला. वर्षभरातच बायकोला, सारजाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत, भिंतीला धरून त्या मोरीपर्यंत जात, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, कमरेएवढ्या उंचीच्या दोन दांड्या समोरासमोर बसवा, त्या धरून रोज चालवा, सहा महिन्यांत बाई रस्त्यावर येतील. पण घरात बारा फूट सरळ जागा कुठली?

त्याच सुमारास सोसायटीनं तळमजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी व्यायामशाळा करायचं ठरवलं. चेअरमन श्रीपादराव घरी आले. "मखरेसाहेब, नकाशा तुम्हीच काढा."

महिपतींचं वय दहा वर्षांनी उतरलं. वजनं कुठं, आरसा कुठं, पोरांच्या उड्या कुठं, सगळं नीट मांडलं. पण खरा जीव ओतला तो खिडकीजवळच्या दोन दांड्यांत. सारजाबाईंना भिंतीशी उभं करून, टेप लावून त्यांच्या मनगटाची उंची घेतली. दाराला उंबरठा ठेवला नाही.

"समद्यांच्या खोलीत माजं माप?" सारजाबाई हसल्या. झटक्यानंतर त्यांचं हसू एकाच बाजूला यायचं. "दिवाळीपतूर दळान मीच आनीन बगा."

मग सभा झाली. इमारतीत नव्या मोटारी आल्या होत्या, पार्किंग पुरेना. कुणीतरी म्हणालं, हॉलमध्ये गाड्या लावू आणि व्यायामशाळा गच्चीवर नेऊ, पत्रे टाकू, वाराही येईल. माना डोलल्या. श्रीपादराव भला माणूस, त्यांनी मुद्दाम विचारलं, "मखरेसाहेब, नकाशा तुमचा. तुमची काही हरकत?"

एकच वाक्य बोलायचं होतं. बाई आजारी असतात, एवढंच लोकांना माहीत होतं. त्यांना जिना चढता येत नाही म्हटलं असतं, तर व्यायामशाळा खालून हलली नसती, हे पैजेवर सांगावं. पण बायकोसाठी जागा मागायची म्हणजे हात पसरायचा, असं या शहाण्या माणसाला वाटलं. "हरकत नाही," ते म्हणाले. वर गच्चीचा नकाशाही स्वतःच काढून दिला. राग येतो असल्या माणसाचा, आणि पोटात तुटतंही.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सारजाबाई रोज विचारत, "कुठवर आलं काम?" ते म्हणत, "चाललंय." दिवाळीच्या आधी नारळ फुटला. महिपती पेढे घेऊन खाली आले, तर सारजाबाई नवं लुगडं नेसून, हातात काठी घेऊन पलंगावर तयार बसलेल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

तेव्हा मात्र सांगावं लागलं.

"गच्चीवर? आन तुमाला कुनी इचारलंबी न्हाय?"

"इचारलं. हरकत न्हाय म्हनलो."

त्यांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. "माजी लाज वाटली व्हय?"

"न्हाय गं," महिपती म्हणाले. "कुनाम्होरं मागायचं माज्या जिवावर येतं."

"मागायचं कुठं हुतं," सारजाबाई म्हणाल्या. "नुसतं सांगायचं हुतं."

मग काठी बाजूला ठेवून त्यांनी लुगडं बदलायला नवऱ्याची मदत मागितली.