कोटाची उजवी बाही

मास्तरची शोकसभा गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ठरली होती, आणि त्या दिवशी सकाळी दहा वाजता माझ्या कोटाला उजवी बाही नव्हती. तसं म्हटलं तर ती एकोणीस वर्षं नव्हती. पण इतकी वर्षं घाई नव्हती, आता होती. सभेत मीच बोलणार होतो आणि हाच कोट घालून बोलायचं, असं मी मास्तरला कबूल केलं होतं.

मास्तर म्हणजे आमच्या रस्त्यावरचा शिंपी. दुकान एवढंसं. पुढे कापायचं टेबल, मागे पडद्याआड ट्रायलची खोली, तिच्यात एक स्टूल आणि एक आरसा. आरशाचा खालचा भाग फुटलेला, त्यामुळे नव्या पँटखाली आपले बूट कसे दिसतात हे आमच्यापैकी कुणालाच कधी कळलं नाही. मास्तरला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाठी राहत. समोरून गेलात तर ओळख देणार नाही. पुढे गेलात की मागून येऊन कॉलर ओढून सरळ करणार. एकदा त्याने भर रस्त्यात एका अनोळखी न्यायाधीशांची कॉलर ओढली. न्यायाधीश आधी घाबरले, मग चिडले, आणि पुढच्या आठवड्यात दोन शर्ट शिवायला टाकून गेले.

त्याची खरी कला कंबरेत होती. माप घेताना तो मोठ्याने दोन इंच कमी सांगायचा आणि खरा आकडा गुपचूप वहीत लिहायचा. त्यामुळे आमच्या रस्त्यावर चौतिसाच्या वर कुणाची कंबरच नव्हती. कुणी मोठ्या दुकानातून तयार चौतिसाची पँट आणली की ती मांडीवरच अडकायची, आणि तो माणूस हल्ली मापात किती लबाडी चालते म्हणत पुन्हा मास्तरकडे यायचा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बेकरीवाल्याची कंबर छत्तीस सांगितली, तेव्हा त्याने डॉक्टरांना नवी टेप घ्या म्हणून सुनावलं. डॉक्टर स्वतः मास्तरच्या हिशेबाने तेहतीस होते, त्यामुळे त्यांनाही टेपचा संशय आलाच.

मी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचो. आकडा म्हणजे आकडा, तारीख म्हणजे तारीख. लोक याला तिरसटपणा म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या मुलीच्या लग्नासाठी मी मास्तरकडे काळा कोट टाकला. तो म्हणाला, गुरुवारी ये. गुरुवारी गेलो तर बाही व्हायची होती. शेवटी लग्नात मी मेहुण्याचा कोट घातला, आणि सगळ्या फोटोंत मी कपड्यांसकट हँगर गिळल्यासारखा दिसतो. लग्नानंतरच्या गुरुवारी मी दुकानात गेलो तो त्याची चांगली खरडपट्टी काढायची ठरवूनच. त्याने सगळं ऐकून घेतलं, मला स्टुलावर उभं केलं, कोट चढवला, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि उजव्या बाहीत अजून एक सुरकुती आहे म्हणाला. पुढच्या गुरुवारी ये.

तेव्हापासून दर गुरुवारी पाच वाजता मी स्टुलावर. तो खडू घेऊन माझ्याभोवती फिरायचा आणि मी त्याला लबाड, कामचुकार, आळशी असं क्रमाने म्हणायचो. मग चहा यायचा. मग पुन्हा थोडं भांडण, मग गप्पा, की सात वाजायचे. माझी नात जन्मली, चालायला लागली, कॉलेजात गेली, तरी बाही बसेना. रस्त्यावरचे लोक मला नमस्काराऐवजी ‘कोट झाला का?’ असं विचारू लागले. मला जास्त लागायचं ते हे, की इतरांचे कपडे तो सांगितलेल्या दिवशी द्यायचा.

मागच्या वर्षी तो म्हणाला, “मी आधी गेलो तर सभेत तू बोलायचंस. हा कोट घालून.”

“तोवर होईल?”

“त्या गुरुवारी नक्की.”

आणि गेला तो सोमवारी, दुपारच्या डुलकीत, खुर्चीत, गळ्यात टेप तशीच. तारीख टाळायची सवय शेवटपर्यंत गेली नाही. आता मी साध्या शर्टात बोललो असतो, तर सगळा रस्ता म्हणाला असता की मास्तरने जाता जाता जवळच्या मित्रालाही टांग मारली. मी त्याला वाटेल ते बोलायचो, पण दुसऱ्या कुणी त्याला नावं ठेवलेली मला खपणार नव्हती.

दुकानात वहिनी एकट्याच होत्या. मास्तरची बायको. दुकानातली सगळी काजं-बटणं त्यांच्या हातची. समोर खोकं घेऊन त्या रिळं भरत होत्या. महिनाअखेर दुकान बंद करते म्हणाल्या, एकटीने इथे बसून करायचं काय? मी कोटाचं विचारलं. त्यांनी तो खुंटीवरून काढून दिला. उजवी बाही वेगळी, घडी घालून खिशात ठेवलेली.

मी कोट घातला. एकोणीस वर्षांत माझं पोट खऱ्या टेपने पाच इंच वाढलं, आणि कोट असा बसला की जणू कालच माप दिलं होतं. वहिनी म्हणाल्या, हे दर वर्षी शिवणीतलं दाबलेलं कापड थोडं थोडं सोडायचे. मी म्हटलं, मग एवढं करणाऱ्याला एक बाही लावता येत नव्हती?

वहिनींनी हातातलं रीळ खाली ठेवलं. “भाऊजी, लग्नानंतरच्या महिन्यातच कोट झाला होता. हे दर मंगळवारी बाही लावून नीट बसते ना ते पाहायचे, आणि बुधवारी दुपारी उसवायचे.”

लग्नाच्या वेळी बाही खरंच चुकीची कापली गेली होती, आणि त्याला फार लाज वाटली होती. पण त्यानंतर मी भांडायला आलो आणि सात वाजेपर्यंत उठलो नाही, हे त्याने पाहिलं. माझी बायको आधीच गेली होती, मुलगी सासरी गेली होती. घरात मी आणि पाण्याचा मीटर, आणि मीटरही जेमतेम हलायचा. त्या संध्याकाळी तो वहिनींना म्हणाला होता, “हा माणूस नुसता भेटायला कधी येणार नाही. त्याला भांडायला काहीतरी ठेवलं पाहिजे.”

खरं होतं ते. कामाशिवाय मी आयुष्यात कुणाचा उंबरा ओलांडला नाही. मी स्टुलावर बसलो आणि चांगला रडलो. मग सवयीने आकडा काढला. एकोणीस वर्षं, आठवड्याला एकदा. ज्याला मी कामचुकार म्हणत होतो त्याने एकच बाही जवळजवळ हजार वेळा लावली होती.

वहिनी म्हणाल्या, अर्ध्या तासात लावून देते. मी म्हटलं, राहू दे.

वाचनालयाचा हॉल भरला होता. मी एक हात काळा आणि एक हात पांढरा असा उभा राहिलो, तेव्हा पहिल्या रांगेत बेकरीवाल्याला हसू फुटलं आणि ते मागपर्यंत गेलं. मी बुधवारचं सगळं सांगितलं. हसणाऱ्यांपैकी बरेच जण डोळे पुसू लागले. मग मी खिशातून वहिनींकडून मागून आणलेली मास्तरची मापांची वही काढली आणि म्हणालो, यात आपल्या सगळ्यांच्या खऱ्या कंबरा आहेत. डॉक्टर तातडीने उभे राहिले आणि दोन मिनिटं शांतता पाळू या म्हणाले.

सभा संपली. लोक खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होते. मागून कुणीतरी माझी कॉलर ओढून सरळ केली. मी दचकून वळलो. वहिनी होत्या.

“वहिनी,” मी म्हटलं, “बाही कधी मिळेल?”

त्यांनी माझा खांदा नीट निरखला, बोटाने सुरकुती दाबून पाहिली.

“गुरुवारी या,” त्या म्हणाल्या.