बाईचा रेट मीच पाडला होता

गेल्या मंगळवारी दुपारी, भर बागेत, सगळ्या टोळीसमोर मी उघडा पडलो... लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आता लिहितोच.

आम्ही मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचे नऊ जण, पाच बाया आणि चार गडी. भात झोडून झालं की घाट चढून नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला येतो. मी सहावीत शाळा सोडली. मग वीटभट्टी केली, बोटीवर गेलो, भिवंडीला गोडाऊनमध्ये राहिलो... वर्षभर कुठंच टिकलो नाही. पण फोनवर बोलायला जमतं, म्हणून तीन वर्षांपासून टोळीची मालकांशी बोलणी माझ्याकडं आहेत.

टोळीत माझी मोठी बहीण आहे, मंगलताई. नवरा सोडून गेला, पोरगी आश्रमशाळेत. निघायच्या आधीच तिनं मला सांगितलं होतं, "या खेपेला गड्याएवढी हजेरी पाहिजे. नाय तर मी येत नाय. मालकाशी बोल तू."

मी 'बोलतो' म्हटलं. दोन दिवसांनी तिला सांगितलं की बोललो, पण मालक ऐकत नाही. घरी बसून भागणार नव्हतं, म्हणून ताई आली... गड्याला दिवसाचे पाचशे, बाईला साडेतीनशे.

मंगळवारी आम्हा गड्यांना फवारणीचं काम नव्हतं. मालकाला आम्ही नाना म्हणतो. नाना म्हणाले, गड्यांनीपण आज कात्री धरा, विरळणी मागं पडलीय. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी कापायचे, म्हणजे राहिलेले मोठे होतात. ऐकायला सोपं आहे... मान वर करून, हात वर धरून दिवसभर उभं राहायचं. जड ओझं नसतं, म्हणून आपण त्याला हलकं काम म्हणतो.

दुपारपर्यंत माझी एक ओळ झाली नव्हती. ताईच्या दोन होऊन तिसरी चालू होती. माझा एक घड बघून ती म्हणाली, "हजामत केलीस रे त्याची! नानांनी बघितलं तर तुझीच करतील."

सगळ्या बाया हसल्या. मीपण हसलो.

जेवायच्या सुट्टीत नाना चक्कर मारायला आले. ताई हातातली कात्री तशीच धरून उठली आणि सरळ विचारलं, "नाना, आज काम एकच आहे ना? मंग आम्हाला दीडशे कमी कशापायी?"

नाना चिडले नाहीत. त्यांना उलट नवल वाटलं. म्हणाले, "मला काय विचारतेस बाई? रेट तुमच्याच माणसानं सांगितला. मी थोडं कमी कर म्हटलं, तर त्यानंच बाईचा खाली आणला."

खरं होतं... मी फोनवर एका दमात 'गडी पाचशे, बाई चारशे' म्हणालो होतो. नानांनी विचारायच्या आधीच. माझ्या आधी बोलणी करणारा तसंच सांगायचा, त्याच्या आधीचाही. आणि नाना 'जमव काहीतरी' म्हणाले तेव्हा मी गड्याच्या पाचशेला हात लावला नाही. बाईचे पन्नास सोडून दिले. ताईचं बोलणं मी काढलंच नव्हतं. काम हातचं जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर बाईसाठी गड्याएवढं मागायची लाजच वाटली.

ताई कात्री ठेवून परत जेवायला बसली. बाकीच्या बाया बोलल्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी मी बघत बसलो... एरवीपण दिसतंच, पण बघत नाही. आम्ही गडी हातपाय धुऊन मोबाईल घेऊन बसलो होतो. बाया चूल पेटवून नऊ जणांच्या भाकरी थापत होत्या. पहाटेपण त्याच उठतात. ते कुणाच्या हजेरीत नाही. पाचातल्या एकीकडंच फोन आहे, तोही साधा. मालकाचा फोन आमच्याकडं येतो, ठरवतो आम्ही, पैसेपण बऱ्याच जणींचे नवऱ्याच्या हातात पडतात. मग बाईचा रेट वाढवायला बोलणार कोण?

गुरुवारी दुसऱ्या बागेवाल्याचा फोन आला. पुढच्या पंधरा दिवसांचं काम, सगळी विरळणीच. मी ताईला शेजारी बसवून स्पीकर चालू केला. म्हटलं, नऊ माणसं, सगळ्यांना पाचशे. तो म्हणाला, "बाईला पाचशे कुठं असतात का?" मी म्हटलं, "मग नुसते गडी आणतो. पण घडांची हजामत झाली तर बोलायचं नाय."

तो हसला. ताणून ताणून साडेचारशेवर आला... सगळ्यांना सारखे.

म्हणजे ताईचे शंभर वाढले आणि माझे पन्नास गेले. बाकीच्या गड्यांचेपण गेले. एक जण तोंडावर म्हणाला, "बहिणीसाठी आमचा खिसा कापलास." दुसरा सामान घेऊन फवारणीच्या कामाला निघून गेला. त्यांचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही.

मला वाटलं ताई खूश होईल. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं केलंस. पण मागच्या दोन वर्षांत तरी विचारलं होतंस का कुणा मालकाला?"

मी नाही म्हटलं. पहिल्यांदा खरं सांगितलं.

आपल्या जव्हार-मोखाड्याकडचे टोळीची बोलणी करणारे बरेच जण मला इथं फॉलो करतात. तुम्हाला शिकवायला मी कोण... एवढंच सांगतो, समोरच्यानं विचारायच्या आधी आपल्याच तोंडातून बाईचा रेट कमी निघतो का, ते पुढच्या फोनला जरा ऐका. माझ्या निघत होता. ताईनं सगळ्यांसमोर विचारलं नसतं, तर अजून निघत राहिला असता.