चकती दाबली तेव्हा
आटवलेल्या गोड दुधाचा वास आला की इथला, जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधला, तो शनिवार आठवतो. "निदान तासभर तरी माझ्याशेजारी बसाल," म्हणून बायकोने व्हिएतनामी कॉफीच्या क्लासला दोघांची नावं घातली होती. ग्लासवरच्या स्टीलच्या गाळणीतून तळातल्या आटवलेल्या दुधावर कॉफी थेंबथेंब पडत होती, आणि कारखान्यातून फोन येईल म्हणून माझा पाय सारखा हलत होता. शेवटी मी गाळणीतली कॉफीच्या पुडीवरची चकती चमच्याने करकचून दाबली, तर थेंबच थांबले. शिकवणाऱ्या बाई हसल्या, "लांगझाम, लांगझाम!" सावकाश. तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "अहो, मला पुण्याला परत जायचंय." मी म्हणालो, "थांब गं, आधी हे गळू दे." तिने आपला भरलेला ग्लास माझ्यापुढे सरकवला. "घ्या. तुम्हाला थांबणं जमायचं नाही." आता संध्याकाळी एकटाच कॉफी करतो, चकतीला हात लावत नाही, शेवटचा थेंब पडेपर्यंत बसतो. तोवर पुण्यात रात्र होऊन ती झोपलेली असते.