वहीत चिकटवलेली गाठ

सन छप्पन्न. मी चाळीस वर्षांचा, लालबागच्या गिरणीत दोन माग चालवायचो. मेंदूत रक्त साकळलं आणि उजवा हात लुळा पडला. परळच्या इस्पितळात ज्या डॉक्टरांनी डोकं उघडून मला वाचवलं, त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

रोज सकाळी ते खाटेवर बसून माझं एकेक बोट दाबायचे आणि वहीत लिहायचे. एकदा मी चिडलो. "माझा अभ्यास करता काय?"

"करतो तर. तुटलेला धागा कसा जोडता, शिकवा मला."

मी चादरीचा दोरा ओढून तोडला आणि डावा हात नि दात लावून गाठ मारली. त्यांना काही जमेना.

"डॉक्टरसाहेब, तुम्हाला मुकादमाने पहिल्याच दिवशी हाकललं असतं."

ते हसले. "मग उजव्याने दाखवा. कुठलं बोट अडतं ते लिहून ठेवतो. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल."

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात ट्राम बंद होत्या, तरी ते गिरगावातून चालत आले, खिशात सुताची गुंडी घेऊन. त्या दिवशी माझ्या उजव्या हाताने गाठ बसली. त्यांनी ती कापून वहीत चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवर लुळ्या हाताचा एक हमाल आला. मी उठून त्याच्यापाशी बसलो आणि डॉक्टरांनी माझ्याकडे ठेवलेल्या गुंडीचा धागा सोडवला.