इवाओची मुरड

दर महिन्याच्या पंधरा तारखेला माझा सकाळचा चहा तसाच निवून जातो. अडतीस वर्षं त्या दिवशी नऊच्या आत इवाओ त्सुजिनो माझ्या दारात उभा राहायचा. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन सुऱ्या, अंगाला व्हिनेगरचा वास आणि चेहऱ्यावर असा भाव, की येऊन त्यानं माझ्यावर उपकारच केलेत.

"काय तोरा, कमाई?" तोरा हे माझं नाव.

"हळूहळू. तुझी?"

"तुझ्या धारेच्या भरवशावर कसली कमाई होतेय!"

आमच्या साकाई शहरात माणसं धंद्याचं आधी विचारतात, तब्येतीचं नंतर. आम्ही दोघं एकाच गल्लीत वाढलो, एकाच शाळेत मार खाल्ला, तरी आमचंही तसंच होतं.

मी सुऱ्यांना धार लावतो. वडील तेच करायचे, आजोबाही तेच. इवाओ कोंबू तासायचा. उत्तरेच्या थंड समुद्रातून येणारी ही समुद्री शेवाळाची लांबलचक वाळलेली पानं व्हिनेगरमध्ये मऊ करायची, जमिनीवर बसून पानाचं एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं डाव्या हातानं ताणायचं आणि उजव्या हातानं सुरी ओढत राहायचं. आधी वरचा काळपट भाग निघतो, मग आतला पांढरा. इवाओच्या हातचा पांढरा पापुद्रा वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची बातमी वाचता यायची. आम्ही ती वाचायचो आणि सरकारला शिव्या द्यायचो.

आमच्या लहानपणी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हिनेगरचा वास असायचा. त्याआधी म्हणे उत्तरेची जहाजं थेट आमच्या धक्क्याला लागत आणि अर्धं शहर कोंबूवर जगे. मग युद्धात ते अर्धं शहर जळलं, धक्क्यापुढचा समुद्र बुजवून कारखाने आले, आणि आता गल्लीच्या तोंडाशी चौदा मजली इमारत उभी आहे. तिथल्या बाया सुपरमार्केटातून यंत्रावर तासलेला कोंबू आणतात. त्यांना फरक कळत नाही, हे मी इवाओला मुद्दाम ऐकवायचो.

"त्यांना नाही कळत," तो म्हणायचा. "उदोनच्या शेवयांच्या रश्शाला कळतं."

आता मुरडीबद्दल सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

मी तीन दगडांवर घासून सुरीची धार अशी सरळ करतो, की उजेडासमोर धरली तर तिच्यावर एक ठिपका चमकायचा नाही. साकाईत धार लावणाऱ्याची सगळी अब्रू तेवढीच. पण सरळ धार कोंबूच्या पानात सरळ घुसते आणि त्याचे तुकडे पाडते. पापुद्रा काढायचा तर धारेचा अगदी शेवटचा काठ, केसाहूनही कमी, एका बाजूला वळवावा लागतो; तीच मुरड. इवाओ एका पोलादी पट्टीनं तो वळवायचा. पट्टी टेकवायची, एकदा ओढायची, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघायची. झालं. प्रत्येक तासणाऱ्याची मुरड वेगळी. इवाओची त्याच्या वडिलांवर गेली होती असं जुने लोक म्हणत. तासायला बसलं की दोन-अडीच तासांत ती झिजते, की पुन्हा घालायची. महिनाभर असं वळवून वळवून पातं थकलं, की पंधरा तारखेला ते माझ्याकडे.

आणि हा गृहस्थ मी सरळ केलेली धार माझ्याच दुकानात, माझ्याच समोर वाकडी करायचा. घरी नेऊन करावी की नाही? नाही. पट्टी खिशातून आणायचा.

"बघ तोरा, बघ. आता कुठे ही सुरी झाली."

"पोटच्या पोराचा गळा कुणी दाबताना मी बघत नसतो," असं म्हणून मी पाठ फिरवायचो. भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. मागून पट्टीचा बारीक आवाज यायचा आणि त्याचं हसणं यायचं.

"अरे गाढवा, एकदा तरी बघ!"

"झालं का तुझं? चहा निवतोय."

अडतीस वर्षं. महिन्याला तीन सुऱ्या. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

माणूस तसा हट्टीच. एका मोठ्या कंपनीचा साहेब यंत्र दाखवायला त्याला कारखान्यात घेऊन गेला होता. इवाओनं यंत्रातून पडणारा कोंबू चिमटीत धरला, तोंडात टाकला, आणि साहेबाला म्हणाला, "यंत्राला जेवायला काय घालता? कारण हे ते स्वतः खाणार नाही." बायको किनुए कपाळाला हात लावून बसली. त्यांना मूलबाळ नव्हतं. उजव्या टाचेला पान दाबून दाबून नाण्याएवढा घट्टा पडला होता, आणि किनुए चारचौघांत सांगायची, "लग्न झालं तेव्हा वाटलं, यांच्या पायात खडा रुतलाय. रात्रभर काढायला बघत होते!"

हातानं तासणारा आमच्या भागात तो एकटा उरला तेव्हा चिसातो आली. बत्तीस वर्षांची, ओसाकातली विमा कंपनीची नोकरी सोडून आलेली. इवाओनं तिला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा ती दारातच मांडी घालून बसली, तेव्हा त्यानं तिला कोंबू पुसायला दिला. दोन वर्षांत तिची बैठक जमली, पान ताणणं जमलं, सुरी ओढणं जमलं. तिच्या सुरीला मुरड मात्र इवाओच घालून द्यायचा, तेही आत जाऊन.

"हातात पान उतरलं पाहिजे आधी. मुरड शेवटी," तो म्हणायचा.

"कधी, मेल्यावर शिकवणार का?" हे मी बोललो. माझीच जीभ.

"पुढच्या वसंतात," तो म्हणाला. "चेरी फुलली की."

त्याआधीच, मार्चच्या सुरुवातीला, एका पहाटे त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला आणि बोलणं जवळजवळ गेलं. चार-पाच शब्द उरले, तेही पानाच्या तुकड्यांसारखे तुटके. आदल्या संध्याकाळी दुकान बंद करताना त्यानं नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवसासाठी तिन्ही सुऱ्यांना मुरड घालून ठेवली होती. तेवढीच इवाओची मुरड आता जगात उरली होती. चिसातोनं त्या सुऱ्या तेलाच्या कागदात गुंडाळून खणात ठेवल्या. रुग्णालयात तो तिच्याकडे बघून डाव्या अंगठ्याचं नख पुन्हा पुन्हा दाखवायचा, आणि तिला कळलं होतं. तो घरी आला की त्या सुऱ्या तिच्या नखावर ठेवून, तिचा हात धरून, तो तिला ती मुरड ओळखायला लावणार होता. हात गेलेल्या माणसाकडे शिकवायला तेवढंच होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण बंद खणाला कोण हात लावणार?

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. किनुएलाही नाही.

एप्रिलच्या पंधरा तारखेला नऊच्या आत किनुए माझ्या दारात उभी होती. काखेत गुंडाळी.

"तोरा-सान, आज पंधरा आहे," ती म्हणाली. "मार्चचा दिवस चुकलाच. आजचाही चुकवला तर ते परत येणारच नाहीत असं वाटलं. म्हणून खण उघडला."

"चुकवायचा कशाला? आत या," मी म्हणालो. मलाही अगदी तेच वाटत होतं.

ती चहा पिऊन गेली. मी पहिली सुरी पाण्यात धरली, अंगठा फिरवला. धार वळलेली होती, ती नेहमीच वळलेली यायची. फक्त या वेळी ती झिजलेली नव्हती. ताजी होती, तिच्यावर एकही पान ओढलेलं नव्हतं. माझा हात क्षणभर थांबला. तो का थांबला याचा मी विचार करायला हवा होता. मी म्हटलं, येऊ दे त्याला, बघू दे काय धार लावलीय ती, पुन्हा वाकडी करायला त्याचा हात धजणार नाही. तीन सुऱ्यांना मी दोन दिवस दिले. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये, देवळाच्या उत्सवाचे मोठे ढोल रस्त्यानं निघायच्या आदल्या दिवशी, इवाओ घरी आला. मी भेटायला गेलो तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत, तासायच्या खोलीत होता. चिसातो समोर गुडघे टेकून बसली होती. किनुए माझ्याकडे बघून हसली.

"काय इवाओ, कमाई?" मी म्हणालो.

त्यानं डाव्या हातानं खणाकडे बोट दाखवलं. चिसातोनं गुंडाळी काढली. आत तेलाचा कागद नव्हता, माझ्या दुकानातलं वर्तमानपत्र होतं. तिचा चेहरा तिथेच उतरला. तिनं किनुएकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "या तुमच्याकडे आल्या होत्या?"

"मग? पंधरा तारीख चुकवायची होय?" मी ऐटीत म्हणालो. "सुरीची पाठ बघ. तोंड दिसेल तुझं."

इवाओनं सुरी मागितली. डाव्या अंगठ्याच्या नखावर धार ठेवली, आणि पुढे सरकवली. मग पुन्हा ठेवली. मग दुसरी सुरी, मग तिसरी. तिन्ही माझ्या हातच्या. सरळ. चिसातो तोंडावर हात दाबून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खालीच बसलो.

"इवाओ," मी म्हणालो. "इवाओ, मला कुणी सांगितलं नाही रे. मी मूर्ख. मी…"

किनुए विचारत होती, "काय झालं? अगं, काय झालं?"

इवाओनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा राग मला चांगला ओळखू यायचा. तो आला, डोळ्यांत दिसला आणि गेला. मग त्यानं तोंड उघडलं. शब्द जुळवायला त्याला इतके कष्ट पडत होते, की मला ओरडावंसं वाटत होतं, नको बोलूस.

"तोरा," तो म्हणाला. "धार… छान."

अडतीस वर्षांत त्यानं माझ्या धारेला कधी बरं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं शिव्या घातल्या असत्या, तर मी आज सुखानं झोपलो असतो.

उत्सवाचे ढोल त्यानं दारातून पाहिले. जानेवारीत तो गेला. राख व्हायच्या आधी किनुएनं त्याच्या शवपेटीत कोंबूचं एक अख्खं पान ठेवलं, न तासलेलं.

चिसातोनं दुकान सोडलं नाही. पट्टीनं ती रोज स्वतःच मुरड घालून बघते. कधी ती जास्त वळते, कधी वळतच नाही, आणि पान फाटतं. फाटलेल्या कोंबूची पिशवी ती मला देते, मी तो रश्शात टाकतो. तो इवाओच्या पापुद्र्यासारखा विरघळत नाही, खाली जाऊन बसतो. मी चांगला झालाय म्हणतो, आणि तिला खरं काय ते माहीत असतं.

सुऱ्या मात्र ती पंधरा तारखेलाच आणते. मी धार लावतो, ती शेजारी बसून राहते. गेल्या महिन्यात तिनं खिशातून इवाओची पट्टी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"काका, ते मुरड घालताना मला कधी आत येऊ द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "पण तुमच्यासमोर घालायचे ना? इथेच बसून? अडतीस वर्षं तुम्ही बघितलंय. मनगट कसं धरायचे, एवढंच सांगा. बाकीचं मी शोधते."

मी पट्टी हातात घेतली. तिचा एक काठ त्याच्या बोटांनी गुळगुळीत झाला होता. चिसातो माझ्या हाताकडे डोळे लावून बसली होती. ज्या भिंतीकडे तोंड करून मी उभा राहायचो, तिच्यावर एक डाग आहे, डाव्या कोपऱ्यात, आणि त्याच्या खाली दोन बारीक तडे. ते मी डोळे मिटूनही काढून दाखवू शकतो.